इरिडियमचा सोर्स ७४ दिवसांत निम्मा का होतो?

ओतकाम

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. स्टीलच्या व्हॉल्व्ह बॉड्या आणि पंपाची केसिंग करतो. जाड भागांची आरटी, म्हणजे रेडिओग्राफी, काढावी लागते. इरिडियम-१९२ चा सोर्स एका बाजूला, फिल्म दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कास्टिंग. आत ब्लोहोल किंवा श्रिंकेज असलं तर फिल्मवर तेवढा भाग काळा येतो. एजन्सीची माणसं रात्री येतात, कॉर्डन लावतात, लांब उभं राहून क्रँक फिरवतात आणि सोर्स कॅमेऱ्यातून, म्हणजे तो ठेवायच्या जाड कवचाच्या पेटीतून, बाहेर काढतात.

त्यांच्याकडे एक तक्ता असतो. आज सोर्स किती क्युरी उरला ते त्यात बघायचं आणि त्याप्रमाणे एक्स्पोजर टाइम धरायचा. ७४ दिवसांनी क्युरी निम्मे, वेळ दुप्पट. पुढच्या ७४ दिवसांत उरलेल्याच्या निम्मे.

माझं डोकं इथं अडतं. सगळे अणू एकाच अणुभट्टीतून एकाच वेळी आले, मग काही लगेच का फुटतात आणि काही वर्षभर तसेच का राहतात? जुना सोर्स म्हणजे थकलेले अणू का? आणि पहिल्या ७४ दिवसांत निम्मे संपले तर पुढच्या ७४ दिवसांत उरलेले सगळे का संपत नाहीत? सूत्र मला येतं. केंद्रकाच्या आत काय चाललंय ते कुणी नीट सांगेल का?

अजून एक. आमच्या फेटलिंगमधले (कास्टिंग घासून साफ करणारे) काही जण आरटी झालेल्या कास्टिंगला दुसऱ्या दिवशी हात लावायला कचरतात. त्यांना काय सांगू?

रंकाळाकाठ

चांगला विषय काढलासा. पोरगी बारावीला आहे. अर्धायुष्याची गणितं धडाधड सोडवते, पण इरिडियमचे ७४ दिवस आणि युरेनियमची साडेचारशे कोटी वर्षं असा फरक कशानं पडतो विचारलं की गप्प. तिला पण इथं बसवतो वाचायला.

दुसरा_तास

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात कुणी तरी हे विचारावं असं मला फार वाटत असतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी 'थकलेले अणू'. इरिडियम-१९२ चं केंद्रक थकत नाही. आज सकाळी तयार झालेलं आणि वर्षभर टिकलेलं अशी दोन केंद्रकं शेजारी ठेवली तर त्यांच्यात काडीचाही फरक नाही. पुढच्या २४ तासांत क्षय होण्याची शक्यता दोघांचीही सारखीच, साधारण ०.९३ टक्के. आपण किती दिवस काढले याची नोंद केंद्रकात कुठंच नसते. म्हणून रोज जेवढे शिल्लक, त्यांतले ०.९३ टक्के जातात. शिल्लक कमी झाली की जाणारेही कमी. १४८ व्या दिवशी शून्य न होता पाव उरतो तो यामुळे.

तुमचा सोर्स समजा ४० क्युरीचा आहे. एक क्युरी म्हणजे सेकंदाला ३,७०० कोटी क्षय. ४० क्युरी म्हणजे सेकंदाला सुमारे दीड लाख कोटी. एवढ्याला इरिडियम-१९२ किती लागतं? फक्त ४.३ मिलिग्रॅम. पण त्यात अणू आहेत १.३६ गुणिले १० चा १९ वा घात. संख्या एवढी अवाढव्य असल्यामुळे तुमचा तक्ता चुकत नाही. एकट्या केंद्रकाचा क्षय कधी होईल हे कुणीच सांगू शकत नाही, सगळ्यांचं मिळून मात्र अगदी चोख सांगता येतं.

आता आत शिरू. इरिडियमच्या केंद्रकात ७७ प्रोटॉन. निसर्गात त्याचे दोनच समस्थानिक सापडतात, १९१ आणि १९३. पहिल्यात न्यूट्रॉन ११४, दुसऱ्यात ११६. दोन्ही स्थिर. मधला ११५ वाला तेवढा अस्थिर, आणि तोच तुमच्या कॅमेऱ्यात. अणुभट्टीत १९१ नं एक न्यूट्रॉन गिळला की तो तयार होतो.

यावर जरा थांबा. एक न्यूट्रॉन कमी असला तरी चालतं, एक जास्त असला तरी चालतं, मधोमध मात्र चालत नाही. 'न्यूट्रॉन-प्रोटॉनचं प्रमाण बिघडलं की केंद्रक अस्थिर' हे आपल्या नोट्समधलं उत्तर इथं पुरत नाही, कारण याचं प्रमाण तर दोन स्थिर भावंडांच्या बरोबर मध्ये आहे. खरी गोष्ट जोडीची आहे.

केंद्रकात दोन बलांची ओढाताण असते. प्रबल बल शेजाऱ्याला शेजाऱ्याशी बांधतं, पण त्याची पोच एक-दोन फेम्टोमीटर, म्हणजे लगतच्या कणांपुरतीच. उलट प्रोटॉनांचं एकमेकांना ढकलणं पूर्ण केंद्रकभर पोचतं. ७७ प्रोटॉनांच्या २,९२६ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीतले दोघं एकमेकांना ढकलत असतात. ते सावरायला न ढकलणारे, फक्त बांधणारे न्यूट्रॉन जास्त लागतात. कॅल्शियम-४० मध्ये २० ला २० पुरतात. समसमान कण असलेलं सगळ्यात जड स्थिर केंद्रक तेच. त्याच्या पुढे न्यूट्रॉनांची संख्या वाढतच जाते.

याच्या जोडीला एक तिसरी गोष्ट असते आणि ती शिकवायची राहून जाते. केंद्रकात ऊर्जेचे ठरावीक स्तर आहेत. प्रोटॉनांचे वेगळे, न्यूट्रॉनांचे वेगळे. एका जागेत दोन प्रोटॉन उलट्या फिरकीनं जोडीत बसले तर त्यांना थोडी जादा बंधन ऊर्जा मिळते. न्यूट्रॉनांचंही तसंच. १९३५ साली व्हायत्सेकर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं केंद्रकाच्या वस्तुमानाचं सूत्र मांडलं. या जोडीचं वेगळं पद घातल्याशिवाय ते जुळत नाही. इरिडियम-१९२ मध्ये ७७ विषम आणि ११५ही विषम. एक प्रोटॉन एकटा, एक न्यूट्रॉन एकटा. १९१ आणि १९३ मध्ये निदान न्यूट्रॉन तरी सगळे जोडीत आहेत.

मग १९२ काय करू शकतं? एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला (यात एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, हाच बीटा क्षय) तर ७८ आणि ११४, दोन्ही सम. ते झालं प्लॅटिनम-१९२, स्थिर. किंवा एका प्रोटॉननं बाहेरचा इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन व्हायचं. मग ७६ आणि ११६, ऑस्मियम-१९२, तेही स्थिर. म्हणजे दोन्ही बाजूंना उतार आहे. प्लॅटिनमकडे साधारण १.४५ एमईव्ही खाली, ऑस्मियमकडे १.०५. आणि इरिडियम खरोखर दोन्हीकडे जातं: ९५ टक्के बीटा क्षयानं प्लॅटिनम, उरलेले सुमारे ५ टक्के ऑस्मियम.

(एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. रासायनिक क्रियेत एका अणूमागे दोन-चार इलेक्ट्रॉन व्होल्टचा व्यवहार होतो, यावरून अंदाज करा.)

ओतकाम

मॅडम, दोनदा वाचलं. १९१ आणि १९३ दोन्ही पक्के आणि मधलाच कच्चा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पण इरिडियमचा प्लॅटिनम होताना बाहेर पडतो तो इलेक्ट्रॉन. आमची फिल्म तर गॅमानं निघते. मग गॅमा येतो कुठून?

दुसरा_तास

प्लॅटिनममधून. बीटाचा इलेक्ट्रॉन सोर्सच्या स्टीलच्या कॅप्सूलमध्येच अडतो. तुमच्या कास्टिंगच्या आरपार जातात ते ०.३०८, ०.३१६, ०.४६८ एमईव्हीचे गॅमा, आणि हे तिन्ही नुकत्याच जन्मलेल्या प्लॅटिनम-१९२ चे. सर्टिफिकेटवर नाव इरिडियमचं असतं, प्रकाश मात्र प्लॅटिनमचा.

प्लॅटिनम जन्मतःच शांत का नसतं, याचं उत्तर स्पिनमध्ये, म्हणजे केंद्रकाच्या फिरकीत (कोनीय संवेगात) आहे. इरिडियम-१९२ चा स्पिन ४. सम-सम केंद्रकात सगळे जोडीत, म्हणून तळच्या अवस्थेतल्या प्लॅटिनमचा स्पिन ०. क्षयात कोनीय संवेगाचा हिशेब जुळावाच लागतो. ४ वरून थेट ० वर यायचं तर तो सगळा फरक बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनोनं (इलेक्ट्रॉनबरोबर सुटणारा दुसरा हलका कण) उचलून न्यायला हवा, आणि त्या हलक्या कणांना ते फार अवघड जातं. त्यामुळे थेट तळाला येणं जवळजवळ होतच नाही. त्याऐवजी इरिडियम प्लॅटिनमच्या वरच्या अशा पायऱ्यांवर उतरतं, ज्यांचा स्पिन ३ किंवा ४ आहे. मुख्य दोन पायऱ्या ०.७८५ आणि ०.९२१ एमईव्ही उंचीवर आहेत.

तिथून खाली येताना गॅमा सुटतात. ०.७८५ वरून ०.३१६ वर येताना ०.४६८ चा गॅमा, तिथून तळाला येताना ०.३१६ चा. वजाबाकी करून बघा, बरोबर जुळते. (शेवटच्या अंकाचा फरक आकडे जवळ आणल्यामुळे.)

म्हणजे स्पिनची ही अडचण नसती तर इरिडियमनं सगळी ऊर्जा बीटामध्येच टाकली असती आणि रेडिओग्राफीला त्याचा काही उपयोग नव्हता.

फिल्म_वाचणारा

एनडीटीत (वस्तू न तोडता तपासणी) लेव्हल टू आहे, एवढंच जोडतो. या गॅमांना स्टीलची साधारण १३ मिमी जाडी निम्मं करते. म्हणून इरिडियम २० ते १०० मिमीच्या स्टीलला. त्याच्यावर जाड असलं की कोबाल्ट-६०, त्याचे गॅमा १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे. वरच्या हिशेबानं ते पण कोबाल्टचे नसून निकेल-६० चे असणार, बरोबर?

दुसरा_तास

अगदी बरोबर. आणि कोबाल्ट-६० मोजून बघा: २७ प्रोटॉन, ३३ न्यूट्रॉन. पुन्हा विषम-विषम.

बारावी_ब

मॅडम, रंकाळाकाठ यांची मुलगी मी. स्वतःचं खातं काढलं. दोन शंका आहेत.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. नायट्रोजन-१४ मध्ये ७ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन. दोन्ही विषम. तो का टिकतो? आणि बेरिलियम-८ मध्ये ४ आणि ४, दोन्ही सम, तरी पुस्तकात तो अस्थिर दिलाय. मग जोडीचा नियम लागतो कुठं?

दुसरा_तास

शाब्बास. या दोन्ही शंका नेमक्या जागी बोट ठेवतात.

नायट्रोजन आधी. जोडी जुळवायची तर त्याला कार्बन-१४ व्हावं लागेल (६ आणि ८) किंवा ऑक्सिजन-१४ (८ आणि ६). दोन्हीकडे ७-७ चा समतोल मोडतो. हलक्या केंद्रकात ढकलणारे प्रोटॉन थोडे असल्यामुळे समसमान संख्येचा फायदा मोठा असतो. जोडी जुळवून जे मिळेल त्यापेक्षा समतोल मोडून जास्त जातं. पण तफावत किती बारीक आहे बघ: कार्बन-१४ हे सम-सम असूनही नायट्रोजन-१४ पेक्षा फक्त ०.१५६ एमईव्ही वर आहे. म्हणून क्षय उलट्या दिशेनं होतो, कार्बनकडून नायट्रोजनकडे. त्याला ५,७३० वर्षांचं अर्धायुष्य आहे आणि पुरातत्त्ववाले त्यावरच लाकूड-कोळशाचं वय काढतात.

विषम-विषम असून स्थिर अशी केंद्रकं चारच: ड्यूटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. चारही हलकी, चारही समसमान. टँटॅलम-१८० हा पाचवा म्हणता येईल. तो उत्तेजित अवस्थेतच अडकून पडलाय आणि त्याचा क्षय अजून कुणाला दिसलेला नाही. उलट सम-सम स्थिर केंद्रकं दीडशेच्या आसपास आहेत. नियम कुठं लागतो, ते या आकड्यांवरून बघ.

आता बेरिलियम-८. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचं हेलियम-४ इतकं घट्ट बांधलेलं असतं (बंधन ऊर्जा २८.३ एमईव्ही), की बेरिलियम-८ चे दोन तुकडे होऊन दोन हेलियम झाले तर ०.०९२ एमईव्ही उरतातच. त्यामुळे ते एका सेकंदाच्या हजार लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळात तुटतं.

इथं एक मोठी अडचण उभी राहिली होती, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ताऱ्यांत हेलियमपासून कार्बन व्हायचा तर मधली पायरी बेरिलियम-८ ची, आणि ती तर टिकतच नाही. मग विश्वात एवढा कार्बन आला कुठून? १९५३ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी उलटीकडून विचार केला. कार्बन आहे, त्या अर्थी कार्बन-१२ मध्ये योग्य उंचीवर एक उत्तेजित पायरी असलीच पाहिजे, जिच्यामुळे तिसरं हेलियम पटकन सामावलं जातं. कॅलटेकच्या प्रयोगशाळेत शोधल्यावर ती ७.६५ एमईव्हीला सापडली. तीन हेलियमांची एकत्र ऊर्जा येते ७.२७ ला, म्हणजे ही पायरी त्याच्या थोडीशीच वर.

याच हॉईल यांच्या हाताखाली केंब्रिजला संशोधन केलं ते जयंत नारळीकरांनी. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९ जुलै १९३८ चा. बारावी_ब, तू विचारलेल्या शंकेचा धागा तिथपर्यंत जातो.

बारावी_ब

मॅडम 🙏 हे मी वहीत लिहून घेतलं.

कातळवाट

भूगर्भशास्त्र शिकलोय, त्यामुळे पोटॅशियमची बाजू मांडतो.

पोटॅशियम-४०: १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन. विषम-विषम, इरिडियमचाच प्रकार. तोही दोन्हीकडे घसरतो. ८९ टक्के कॅल्शियम-४० कडे, सुमारे ११ टक्के आर्गॉन-४० कडे. अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं.

पन्हाळ्याला, जोतिबाला जाताना जो काळा कातळ दिसतो तो दख्खनचा बेसाल्ट. त्यावर काही ठिकाणी जांभा. हा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हे कळलं ते मुख्यतः याच क्षयावरून. लाव्हा पातळ असताना आधीचा आर्गॉन निघून जातो, कारण तो वायू आहे आणि कशाशी संयोग पावत नाही. खडक घट्ट झाला की त्यानंतर पोटॅशियमपासून झालेला आर्गॉन स्फटिकांत कोंडून राहतो. तो मोजायचा, पोटॅशियम मोजायचं आणि वय काढायचं.

किती कमी असतं ते हिशेबानं बघा. ६.६ कोटी वर्षांत पोटॅशियम-४० पैकी फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षय पावलंय. त्यातल्या नवव्या हिश्श्याचा आर्गॉन. शिवाय सगळ्या पोटॅशियममध्ये मुळात पोटॅशियम-४० असतं ०.०११७ टक्के. तरीही मोजता येतं. आता बहुतेक वेळा खडकाचा नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनांखाली ठेवतात. त्यानं पोटॅशियम-३९ पैकी काहींचा आर्गॉन-३९ होतो, आणि मग एकाच यंत्रावर दोन आर्गॉनांचं प्रमाण काढलं की झालं.

आपण श्वासात घेतो त्या हवेत जवळपास १ टक्का आर्गॉन आहे. तो बहुतेक सगळा पृथ्वीच्या पोटातल्या पोटॅशियमचा.

माझा प्रश्न मॅडमना: दोन्ही विषम-विषम, दोन्ही दोन बाजूंना घसरणारे, मग एकाला ७४ दिवस आणि दुसऱ्याला १२५ कोटी वर्षं, हे कसं?

दुसरा_तास

हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं, मघाशी सांगितलेला स्पिन पुरता उपयोगाला येतो तो इथंच.

पोटॅशियम-४० चा स्पिनही ४ च. कॅल्शियम-४० चा तळाचा स्पिन ०. तीच अडचण. इरिडियमनं ती टाळली, कारण प्लॅटिनममध्ये ३ आणि ४ स्पिनच्या पायऱ्या आवाक्यात होत्या. पण कॅल्शियम-४० मध्ये २० प्रोटॉन, २० न्यूट्रॉन. २० ही केंद्रकाच्या कवचांची भरलेली संख्या (२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६). या कवचांचं गणित मारिया गेपर्ट-मायर आणि येन्सन यांनी सोडवलं आणि त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं. कवच दोन्हीकडून भरलेलं असल्यामुळे कॅल्शियम-४० ला हलवणं अवघड. त्याची पहिली वरची पायरी ३.३५ एमईव्हीवर आहे. पोटॅशियमकडे खर्चायला आहेत १.३१. त्या पायरीपर्यंत पोचताच येत नाही. उरतो तो थेट ० वर यायचा मार्ग, जो जवळजवळ बंद आहे. जवळजवळ म्हणजे १२५ कोटी वर्षं.

आर्गॉनच्या बाजूला १.४६ एमईव्हीवर २ स्पिनची पायरी आहे आणि तिकडे खर्चायला १.५० आहेत, जेमतेम पुरतात. म्हणून ११ टक्के तिकडे जातात आणि १.४६ चा गॅमा सुटतो.

आता तुमच्या फेटलिंगवाल्यांसाठी, ओतकाम: ७० किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यात सेकंदाला चार हजारांहून जास्त क्षय चालू असतात. त्यातल्या चारएकशे वेळा हा १.४६ चा गॅमा निघतो, इरिडियमच्या गॅमांपेक्षा कितीतरी जोरकस. पांढरा रस्सा खाल्ला नाही तरी.

न्यूक्लिअर_मेडिसिन

दवाखान्यात स्कॅनसाठी टेक्निशियम-९९एम वापरतो. स्पिनची ही गोष्ट तिथंही आहे. टेक्निशियमची ही अवस्था तळापेक्षा फक्त ०.१४३ एमईव्ही वर, पण तिचा स्पिन १/२ आणि तळाचा ९/२. फरक पुन्हा ४. म्हणून गॅमा क्षणात सुटायच्या ऐवजी ६ तासांचं अर्धायुष्य मिळतं. पेशंटला टोचून, स्कॅन काढून, दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक संपलेलंही असतं. इथं मूलद्रव्य बदलत नाही, फक्त उत्तेजित केंद्रक शांत होतं.

पांजरपोळ_नाका

एवढं सगळं छान, पण किरणोत्सार तो किरणोत्सारच. रोज त्या कास्टिंगला हात लावणाऱ्या कामगारानं हे आकडे ऐकून निर्धास्त व्हायचं का? माझा विश्वास नाही.

आरएसओ_दादा

पांजरपोळ, काळजी रास्त आहे, पण जागा चुकतेय. रेडिओग्राफीत सेफ्टी ऑफिसर (आरएसओ) म्हणून आयुष्य गेलं माझं, म्हणून सविस्तर सांगतो.

आरटी झालेल्या कास्टिंगमध्ये काहीही उरत नाही. सोर्स आत गेला की गॅमा बंद. लोखंडाला किरणोत्सारी करायचं तर त्याच्या केंद्रकात बदल करावा लागेल. लोह-५६ मधून एक न्यूट्रॉन उपटायला ११.२ एमईव्ही लागतात, लोह-५७ मधून ७.६. इरिडियमचे गॅमा बहुतेक ०.३ ते ०.६. ते इलेक्ट्रॉनांना धक्के देतात, केंद्रकाला हात लावू शकत नाहीत. न्यूट्रॉनांचा मारा केला असता तर गोष्ट वेगळी होती. इरिडियम-१९१ चं १९२ तसंच होतं. तुमच्या शॉपमध्ये न्यूट्रॉन नाहीत. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बेलाशक हात लावा.

भीती बाळगायची ती दुसरीकडे. एक्स्पोजर संपल्यावर सोर्स कॅमेऱ्यात परत आला हे क्रँकच्या फेऱ्यांवरून धरून चालायचं नाही. सर्व्हे मीटर हातात घेऊन कॅमेऱ्यापर्यंत चालत जायचं आणि रीडिंग खाली आलेलं डोळ्यांनी बघायचं. टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदणारा) छातीला हवा, ऑफिसच्या खुंटीला नको. कॉर्डनच्या दोरीवरून कुणी वॉचमन शॉर्टकट मारत असेल तर त्याला थांबवायचं, मग तो कितीही जुना असो.

आणि फौंड्रीवाल्यांनी सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवायचे ते भंगारावर. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० आला, माणसं भाजली, एकाचा जीव गेला. भंगाराच्या ट्रकला गेटवर मीटर लावणं हा खर्च नाही.

पांजरपोळ_नाका

दादा, हे पटलं. आमच्या गेटला मीटर नाही. सोमवारी मालकांशी बोलतो.

ओतकाम

आरएसओ दादा, तुमचा तो मधला परिच्छेद छापून फेटलिंगच्या बोर्डवर लावू का?

मॅडमच्या ०.९३ टक्क्यांवरून मी आठवड्याचा हिशेब काढला: ७ दिवसांत ६.४ टक्के घट. म्हणजे आठवड्याला एक्स्पोजर टाइम सुमारे ६.८ टक्क्यांनी वाढवायचा. तक्त्याशी ताडून बघितलं, जुळतंय.

आरएसओ_दादा

लावा की. खाली तुमच्या एजन्सीच्या आरएसओचा नंबर पण लिहा, शंका आली तर फोन करायला.

बारावी_ब

शेवटची शंका. समजा तो कोबाल्ट भंगारातून भट्टीत गेला. १,६०० अंशाला सगळं वितळतं. मग त्याचा क्षय लवकर होऊन तो संपणार नाही का?

दुसरा_तास

नाही. १,६०० अंश सेल्सिअसला एका अणूच्या वाट्याला येणारी उष्णतेची ऊर्जा साधारण ०.१६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. इरिडियमच्या क्षयात व्यवहार होतो १.४५ एमईव्हीचा, म्हणजे सुमारे ९० लाख पट, आणि कोबाल्टचा त्याहून मोठा. भट्टीची झळ केंद्रकातल्या पायऱ्यांना पोचतच नाही. कोबाल्ट वितळून सगळ्या हीटमध्ये (एका वेळी वितळवलेल्या धातूत) पसरेल आणि प्रत्येक कास्टिंगमध्ये त्याच ५.२७ वर्षांच्या अर्धायुष्यानं क्षय पावत राहील. म्हणून दादा गेटवर अडवा म्हणतात, भट्टीनंतर काही हातात राहत नाही.

बाहेरच्या परिस्थितीचा किंचित परिणाम होतो तो इलेक्ट्रॉन गिळणाऱ्या क्षयांवर, कारण तिथं केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉन किती असतात याला महत्त्व येतं. बेरिलियम-७ चं अर्धायुष्य ५३ दिवस. तो कुठल्या संयुगात आहे त्यावर ते थोडंसं बदलतं, पण तेही एखाद्या टक्क्याच्या आसपास.